आमच्या ले-आऊटमधली सुवर्णमहोत्सवी बाग : पंचाहत्तर झाडांचा आकडा गाठायचा का?

मानेवाडेकर

मंडळी, येत्या रविवारी आमच्याकडे बैठक आहे. त्याआधी इथल्या जाणकारांशी बोलून घ्यावं म्हणून हा धागा.

मानेवाडा रिंगरोडच्या आत आमचा ११२ घरांचा ले-आऊट आहे. मंजुरी न घेता प्लॉट पाडून वसलेल्या वस्त्यांना नागपुरात '१९०० ले-आऊट' म्हणतात, त्यातलाच हा एक. अशा वस्त्या नियमित करणारा गुंठेवारी कायदा २००१ मध्ये आला आणि त्यानंतर आम्ही नियमित झालो. पण मधली मोकळी जागा लोकांनी सुरुवातीपासून जपली. अंदाजे १६,००० चौरस फूट असेल. स्वातंत्र्याला पन्नास वर्षं झाली तेव्हा, १९९७ साली, तिथं बाग झाली.

मी तेव्हा वीस वर्षांचा होतो. खड्डे मे महिन्यातच खणले होते, दोन फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट खोल, असे पन्नास. ऊन खाऊ द्यायचं मातीला, असं बाबा म्हणायचे. १४ ऑगस्टच्या मध्यरात्री संसदेचं विशेष अधिवेशन टीव्हीवर होतं. पंडित भीमसेन जोशींचं 'वंदे मातरम्' ऐकायला आमच्याकडे आठ-दहा शेजारी जमले होते, आईनं सगळ्यांना चहा केला आणि कोणी झोपलंच नाही. सकाळी झेंडावंदन झालं आणि दुपारपर्यंत पन्नास झाडं लागली. कडुनिंब १४, करंज १०, बहावा ८, जांभूळ ६, आपटा ५, कवठ, चिंच आणि पळस प्रत्येकी २ आणि एक उंबर.

हे आकडे बाबांच्या वहीतले आहेत. शंभर पानी वही, पुठ्ठ्यावर ब्राऊन पेपर. झाडाचा नंबर, जात, ते सांभाळणाऱ्या घराचा नंबर आणि 'पाणी' असा एक रकाना. १९९८च्या एप्रिल-मेची पानं मी परवा पुन्हा बघितली. बरोबरच्या खुणा इतक्या दाट आहेत की खालची ओळ दिसत नाही. काही पानांवर शाई फुटली आहे, बहुतेक ओल्या हातानं लिहिलं असावं.

पन्नासपैकी ३६ झाडं आज उभी आहेत. पहिल्या नंबरच्या निंबाचा घेर छातीच्या उंचीवर १७० सेंटीमीटर भरला.

आता अडचण. २०१० च्या सुमारास 'सुशोभीकरण' झालं आणि बारा झाडांभोवती सिमेंटचे टाइल्स लावलेले ओटे बांधले गेले, थेट बुंध्याला टेकवून. २०२२ ला अमृतमहोत्सव आला. ३६ मध्ये ३९ मिळवले की ७५, म्हणून १५ ऑगस्टला एका सकाळी भिंतीलगत तीन-तीन फुटांवर ३९ रोपं लागली. फोटो काढले गेले. पुढच्या मे महिन्याचं ऊन लागलं, त्यात सहा उरली. आता नवा आराखडा आलाय : सगळीकडे पेव्हर ब्लॉक, ओपन जिम, उरलेल्या झाडांनाही ओटे आणि ७५ पूर्ण करायला आणखी ३३ रोपं.

मला हे पटत नाही. पण नुसतं 'नको' म्हणून बैठक जिंकता येत नाही. काय करावं?

निंबोणी

मानेवाडेकर, सगळ्यात आधी ते बारा ओटे. बाकीचं सावकाश.

ओटा हवाच म्हणणारे तुम्हाला 'पार' दाखवतील. आपल्याकडे वडा-पिंपळाला पार असतोच की, म्हणतील. पण जुना पार नीट बघा. दगड चुन्याशिवाय, सांधे मोकळे, आत माती, आणि बुंध्यापासून हातभर तरी लांब. पाणी आत जातं, मुळं श्वास घेतात. टाइल्सचा ओटा म्हणजे झाडाच्या गळ्याभोवती आवळलेला पट्टा आहे. घेर दरवर्षी वाढतो, पट्टा वाढत नाही. साल दबते, तिथं पाणी साचून कुजते आणि एखाद्या जूनमध्ये वादळ आलं की भरलेलं झाड मुळासकट आडवं होतं. लोक म्हणतात झाड जुनं झालं होतं. अठ्ठावीस वर्षांचा निंब म्हातारा नसतो हो!

राष्ट्रीय हरित लवादानं २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांच्या बुंध्याभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलं होतं. बैठकीत हा दाखला द्या. हातोडा-छिन्नीनंच फोडा, ब्रेकर मशीन अजिबात नको, मुळांना हादरे बसतात. फोडून झालं की लगेच खोल खणू नका. दोन-तीन इंच माती हलकी करा, पालापाचोळा पसरा आणि बुंध्यापासून दूर, फांद्यांच्या टोकाखाली आळं करा. पाणी पिणारी बारीक मुळं तिथं असतात.

आणखी एक. आपल्या राज्याच्या १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यात २०२१ साली बदल झाला, त्यात पन्नास वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडांना 'हेरिटेज' वृक्षाचा दर्जा आहे. तुमची झाडं १९९७ ची. म्हणजे २०४७ ला, देशाच्या शंभराव्या वर्षी, ती पन्नाशीची होतील. हे बैठकीत मोठ्यानं सांगा.

मानेवाडेकर

२०४७ चं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. वाचून अंगावर काटा आला. तेव्हा मी सत्तरीचा असेन.

काकाजी_धंतोली

भाऊ, तुमच्या बाबांच्या वहीचं वाचून लय बरं वाटलं. मी बहात्तरची गोष्ट सांगतो. तेव्हा मी सातवीत होतो, तालुक्याच्या गावी. स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं झाली म्हणून सरकारनं जागोजागी दगडी स्तंभ उभे केले. एका बाजूनं संविधानाची उद्देशिका, दुसऱ्या बाजूनं त्या भागातल्या स्वातंत्र्यसैनिकायची नावं कोरलेली. त्याच वर्षी ताम्रपट दिले, पेन्शन सुरू झाली. आमचे गुरुजी आम्हाले रांगेनं घेऊन गेले अन् एकेक नाव वाचाले लावलं. त्यातले दोघं जण गावातच राहात होते! एक तर रोज आमच्या घरासमोरून दुधाची बरणी घेऊन जायचे. आम्हाले मालूमच नव्हतं. दुसऱ्या दिवशीपासून आम्ही त्यायले पाहिलं की उभं राहू.

स्तंभ आजही हाय. काहून टिकला? दगडाचा हाय म्हणून नाही. नावं हायेत म्हणून. नातवंडं येऊन हात लावून जातात. तुमच्या बागेत नुसतं 'अमृतमहोत्सव उद्यान' एवढंच लिहून काय होते? कोण्या झाडाले कोण्या घरानं पाणी घातलं ते लिहा.

सांजवेळ

माझं थोडं वेगळं म्हणणं आहे, राग मानू नका भाऊ.

मी त्रिमूर्तीनगरला राहते. आमच्याकडेही अशीच बाग आहे, झाडं भरपूर. पण संध्याकाळी सातनंतर तिथं एकही बाई दिसत नाही, कारण दिवा एकच आहे आणि तोही करंजाच्या फांद्यांत लपलेला. माझ्या सासूबाईंचे गुडघे दुखतात, डॉक्टरांनी रोज अर्धा तास चालायला सांगितलंय. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल चपलेला किलो किलो चिकटतो. त्या दोनदा पडता पडता वाचल्या. पेव्हर मागणारे सगळे झाडांचे शत्रू असतात असं नाही. त्यांना चालायला जागा हवी असते.

बाग झाडांची आहे तशी बायकांची, म्हाताऱ्यांची आणि लेकरांचीही आहे. तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल सजवून लेकरं कुठं जमतात तुमच्याकडे? रस्त्यावर, की बागेत? त्यांना उभं राहायला मोकळं अंगण ठेवाल की नाही? ३३ रोपं नकोत याच्याशी मी सहमत आहे, पण कारण वेगळं आहे. दाटी केली तर माणसांना जागाच राहणार नाही.

मानेवाडेकर

सांजवेळताई, राग कसला. बरोबर बोललात. आमच्याकडे तान्हा पोळा बागेतच भरतो, उंबर आणि दोन जांभळांच्या मधल्या जागेत. नव्या आराखड्यात नेमक्या तिथंच जिमची सहा यंत्रं दाखवली आहेत. हे मी तुमची पोस्ट वाचल्यावर नकाशा पुन्हा उघडून बघितलं.

दिव्यांचा मुद्दा मी लिहिलाच नव्हता, तो माझ्या यादीत पहिल्या पानावर घेतला आहे.

मुरूम_गिट्टी

पायवाटेचं मी सांगतो, तीस वर्षं साइटवर गेली आहेत.

काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, मे महिन्यात हाताचा पंजा जाईल अशा भेगा पडतात. त्यावर नुसती रेती पसरून पेव्हर बसवले तर दोन पावसाळ्यांत वरखाली होतात आणि मग ताईंच्या सासूबाई तिथंच अडखळतात. नऊ ते बारा इंच काळी माती काढा, जाड मुरूम दोन थरांत टाका, प्रत्येक थरावर पाणी मारून रोलर फिरवा. वर दगडाच्या चुरीचा दीड-दोन इंचाचा थर. मधे थोडा उंच, दोन्ही कडांना उतार. चिखल होणार नाही, पाणी मुरेल, गुडघ्यांनाही मऊ. वर्षा-दोन वर्षांनी चुरीचा एक ट्रॅक्टर टाकला की झालं. फक्त झाडांच्या फांद्यांखाली खणू नका, तिथं मुरूम मातीवरच पसरा.

आता पाण्याचा हिशेब. १६,००० चौरस फूट म्हणजे साधारण १,४८६ चौरस मीटर. नागपुरात वर्षाला सुमारे १,१०० मिलिमीटर पाऊस धरला तर तुमच्या बागेवर वर्षाला १६ लाख लिटर पाणी पडतं. पेव्हर केले की यातलं बरंचसं रस्त्यावर जाणार. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काय झालं ते आपण सगळ्यांनी पाहिलं. काही तासांच्या पावसात अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीकाठच्या घरांत पाणी शिरलं. शहरात पाणी मुरायला जागा कमी होत चालली आहे. तुमच्या बागेच्या सखल कोपऱ्यात पाच फुटांचा शोषखड्डा करा, खाली बोल्डर, मग गिट्टी, वर रेती. बोअरला मे महिन्यात पाणी टिकायला मदत होईल.

आकडेमोड

सगळे ७५ च्या आकड्याच्या विरोधात दिसत आहेत, म्हणून मी त्याची बाजू मांडतो.

आकडा होता म्हणून १९९७ ला पन्नास खड्डे खणले गेले. 'जमतील तेवढी झाडं लावू' असं ठरवलं असतं तर पंधरा लागली असती. आकड्यामुळे लोक घराबाहेर पडतात, हे मी गणेश मंडळात, रक्तदान शिबिरात, सगळीकडे पाहिलं आहे. २०२३ मध्ये केंद्र सरकारच्या 'मेरी माटी, मेरा देश' मोहिमेत गावोगाव ७५ देशी रोपांच्या अमृत वाटिका झाल्या. जिथं गावानं मनावर घेतलं तिथं त्या हिरव्या आहेत. तेव्हा आकड्याला दोष देऊ नका. झुडपं, वेली धरून ७५ करा. पारिजातक, निर्गुडी, अडुळसा, कण्हेर, गुळवेल, मधुमालती. मोठ्या झाडांच्या कडेनं बसतात, फुलपाखरं येतात.

निंबोणी

आकडेमोड, झुडपांचं एकदम मान्य. फक्त कण्हेर नको, लेकरं खेळतात तिथं विषारी झाड कशाला. आणि आकड्याबद्दल एवढंच म्हणेन, की लावलेल्यांचा आकडा आणि जगलेल्यांचा आकडा दोन्ही मोजा. २०२२ ला पहिलाच मोजला गेला.

सिव्हिल_लाइन्सचा_पायी

इथं एक गोष्ट कोणी काढली नाही. बाग नागपुरात आहे आणि तिच्यावरचा मजकूर दिल्लीचा का असावा?

झेंडा सत्याग्रह आपल्या शहरातला आहे. १९२३ साली झेंडा घेऊन सिव्हिल लाइन्समध्ये, म्हणजे इंग्रज अधिकाऱ्यांच्या वस्तीत, शिरायला बंदी होती. १ मे १९२३ पासून रोज तुकड्या निघायच्या आणि पकडल्या जायच्या. जमनालाल बजाज तुरुंगात गेले, मग वल्लभभाई पटेल सूत्रं सांभाळायला आले. देशभरातून लोक आले, सुभद्राकुमारी चौहान यांना इथं अटक झाली. दीड हजाराहून जास्त माणसं तुरुंगात गेली. १८ ऑगस्टला अखेर मिरवणूक झेंड्यासह सिव्हिल लाइन्समधून गेली. तो झेंडा आजचा तिरंगा नव्हता. पांढरा, हिरवा, लाल पट्टा आणि चरखा. आजचा तिरंगा २२ जुलै १९४७ ला स्वीकारला गेला.

मी कामानिमित्त रोज त्या रस्त्यांनी जातो. कॉलेजच्या पोरांना विचारा, दहातल्या एकालाही सांगता येत नाही. पुढे १९४२ चं आंदोलन आहे, चिटणीस पार्कच्या भागातले तरुण शंकर महाले, ज्यांना १९४३ मध्ये नागपूरच्या मध्यवर्ती कारागृहात फाशी झाली. १६ ऑगस्ट १९४२ चा चिमूर आणि आष्टीचा उठाव आहे. बागेत एक साधा फलक याचा लावा. पाच ओळी पुरेत, पण आपल्या ओळी.

आणि झेंड्याचा खांब लावणार असाल तर काळजीपूर्वक. ध्वजसंहितेत जुलै २०२२ मध्ये बदल झाल्यापासून रात्रंदिवस ध्वज फडकवता येतो, त्यामुळे लोक एकदा चढवतात आणि विसरतात. आपल्या उन्हात आणि धुळीत कापड किती दिवस टिकणार? फाटका, विटलेला ध्वज लावायला मनाई आहे. तो एकांतात, मानानं, शक्यतो जाळून नष्ट करायचा असतो. २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टला चढवा, संध्याकाळी उतरवून घडी करून कोणाच्या तरी घरी कपाटात ठेवा. खादीचा हवा असेल तर नांदेडच्या मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीत तयार होतात.

काकाजी_धंतोली

झेंडा सत्याग्रहाचं बराबर सांगितलं. माह्ये आजोबा सांगायचे, त्यायचे चुलते त्यात गेले होते म्हणून. कागद काही नाही आमच्यापाशी. पण दर पंधरा ऑगस्टले आजोबा जेवणाआधी त्यायचं नाव घेत.

मानेवाडेकर

बैठक झाली. सविस्तर लिहितो, कारण तुमच्यापैकी प्रत्येकाचं काही ना काही तिथं बोललं गेलं.

शनिवारी संध्याकाळी मी आणि दोन शेजारी बागेत मोजमाप करत होतो. पंपाच्या खोलीमागे कचऱ्याखाली एक शहाबादी फरशी सापडली, मधोमध तडकून दोन तुकडे झालेली. पाणी मारून घासली तर ऑइलपेंटची अक्षरं दिसली : 'स्वातंत्र्याचा सुवर्णमहोत्सव, १५ ऑगस्ट १९९७. येथील रहिवाशांनी लावलेली ५० झाडे.' 'रहिवाशांनी' मधला ऱ्हस्व-दीर्घ बाबांनी तिथल्या तिथं खरवडून दुरुस्त केला होता, ती खरवड अजून बोटाला लागते. २०२२ ला नवीन फलक लावताना ही काढून मागे टाकली होती.

रविवारी ती फरशी आणि वही, दोन्ही घेऊन गेलो. साठेक लोक होते. मी भाषण केलं नाही, वहीतून झाडाचा नंबर आणि घराचा नंबर वाचत गेलो. नऊ नंबर, करंज, घर ३१. दहा नंबर, बहावा, घर ४४. पाचव्या-सहाव्या ओळीनंतर लोक आपणहून बोलायला लागले. 'आमचा कवठ तो!' 'तो जांभूळ आमच्या आजीनं लावला होता.' घर ४४ आता दुसऱ्यांचं आहे, चार वर्षांपूर्वी घेतलेलं. त्या घरातली मुलगी नंतर माझ्याकडे आली आणि विचारून गेली, बहावा नेमका कोणता.

पेव्हर फक्त फाटकापासून दहा फूट, बाकी मुरूम-चुरीची वाट. जिमची दोन यंत्रं, फाटकाजवळ. तान्ह्या पोळ्याची जागा मोकळी राहील. दिवे चार, फांद्यांच्या खालच्या उंचीचे, यावर सगळ्या बायका एकमुखानं बोलल्या आणि तो मुद्दा एका मिनिटात मंजूर झाला. शोषखड्डा होणार. फरशी लोखंडी पट्टीनं सांधून जुन्या जागी बसेल, शेजारी झेंडा सत्याग्रहाचा छोटा फलक. खांब नाही, दोन राष्ट्रीय सणांना तात्पुरता लावू.

७५ वर मात्र बरीच वादावादी झाली. काहींना आकडा हवाच होता. शेवटी असं ठरलं की पन्नासपैकी मेलेल्या १४ झाडांच्या जागा तपासायच्या. ऊन पोचतं अशा आठ निघाल्या. त्यात पावसाळा सुरू झाल्यावर आठ झाडं, आणि कडेनं झुडपं. २०२२ च्या सहा रोपांतली तीन फार जवळ आहेत, तीही पावसातच हलवू. एकूण किती होतील ते फलकावर लिहायचं नाही.

ओट्यांपैकी चार काल फोडले, हातोडा-छिन्नीनं. २१ नंबरच्या जांभळाच्या ओट्याखाली साल काळी पडून बोटभर आत गेली होती. ते जगेल का?

निंबोणी

बोटभर म्हणजे बरंच झालं, पण घेराच्या किती भागात? अर्ध्याहून कमी असेल तर आशा आहे. कुजलेली साल धारदार चाकूनं निरोगी भागापर्यंत अलगद काढा, जखम उघडी सुकू द्या. सिमेंट, डांबर, शेण काही लावू नका. पाणी बुंध्यापासून लांब द्या. चैत्रात पालवी कशी येते ते बघून मला सांगा.

मानेवाडेकर

घेराच्या तिसऱ्या हिश्शाला असेल. करतो तसंच, पालवी आली की कळवतो.

पाण्याचं राहिलं होतं. १ मार्च ते १५ जून हे दिवस मोजले तर १०७ भरतात. घरं ११२. पाच घरांत फक्त एकटी वृद्ध माणसं आहेत, त्यांना सोडलं तर प्रत्येक घराला पूर्ण उन्हाळ्यात एकच दिवस येतो. हे आकडे कोणी जुळवले नव्हते, कॅलेंडरवर मोजताना जुळले. वहीत नवीन पान आखलं आहे, बाबांचेच रकाने. आकडेमोड, तुमची आठवण आली.

सोडलेल्या पाचांपैकी घर १७ च्या आजी काल संध्याकाळी काठी टेकत आल्या आणि म्हणाल्या, माझं नाव का नाही? त्यांना १५ एप्रिल दिला, पाइप धरायला शेजारचा मुलगा असेल.

१ मार्च आमच्या घराचा. पन्नास फुटांचा पाइप आणलाय, उंबराच्या पलीकडच्या तीन रोपांपर्यंत तो पोचत नाही. तिथं बादलीनं घालणार.